शिबली, सुलेमान आणि अपुरी राहिलेली सीरत

अल्लामा शिबली नोमानींचे नाव निघाले की आपल्याकडे त्यांच्या ग्रंथांची यादी म्हणून दाखवली जाते. ‘अल-मामून’, ‘अल-फारूक’, ‘अल-गझाली’, ‘शेरुल अजम’, ‘सीरतुन्नबी’. यादी संपली की मौलानांच्या थोरवीबद्दल दोन वाक्ये येतात आणि विषय मिटतो. त्यांच्यावर उर्दूत पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाने मात्र त्यांच्याकडे आपल्या गरजेतून पाहायला हवे, असे आम्हाला वाटते. म्हणून या लेखात त्यांच्या सर्व ग्रंथांचा परामर्श घेण्याचा विचार नाही. 1907 च्या मे महिन्यापासून 1914 च्या नोव्हेंबरपर्यंतची साडेसात वर्षे, एवढाच काळ आम्ही समोर ठेवला आहे. या काळात एका इतिहासकाराचे शरीर खचत गेले आणि त्याच काळात त्याने आयुष्यातले सर्वांत मोठे काम अंगावर घेतले. आजाराने त्या कामाचे काय केले, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हाला ग्रंथालयात सुचलेला नाही. आमचे मामू देगलूरच्या उर्दू शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि गावाचा इतिहास गोळा करण्याच्या मागे लागले. कबरींवरचे कतबे उतरवून घेणे, इनामाच्या सनदा पाहणे, म्हाताऱ्या माणसांना गाठून जुन्या गोष्टी विचारणे, असा त्यांचा उद्योग होता. पुढे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी एसटीने नांदेड गाठायचे आणि परतल्यावर दिवसभर पडून राहायचे, असे सुरू झाले. डोळेही अधू झाले होते. त्या पडून राहण्याच्या दिवसांत ते आम्हाला ‘सीरतुन्नबी’चा पहिला खंड वाचायला लावत. आमचे शिक्षण मराठीतून झालेले. घरात दखनी बोलतो, पण उर्दू अक्षरे लावताना दमछाक होते. एक पान वाचायला आम्हाला अर्धा तास लागायचा आणि मामू चुका दुरुस्त करत पडून ऐकायचे. एकदा आम्ही कंटाळून म्हणालो, “मामू, हे पुस्तक तर तुम्ही दहादा वाचलंय.” ते म्हणाले, “मी ऐकण्यासाठी नाही बेटा, तुझी जीभ वळावी म्हणून वाचून घेतोय.” तेव्हा या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता. शिबलींच्या अखेरच्या दिवसांची हकीकत कळल्यावर तो लागला.

शिबलींचा जन्म 1857 चा, आझमगढ जिल्ह्यातला. 1883 ते 1898 ही वर्षे त्यांनी अलीगढच्या कॉलेजात शिकवले. 1892 साली ते तुर्कस्तान, शाम आणि मिसर पाहून आले. तिथल्या कुतुबखान्यांतून त्यांनी ‘अल-फारूक’साठी सामग्री जमवली. हजरत उमर (र.) यांचे हे चरित्र. त्याची अखेरची पाने 1898 साली काश्मीरमध्ये लिहून झाली. तिथेच ते आजारी पडले आणि पुढचे बरेच दिवस आजारपणातच गेले. प्रकृतीची तक्रार अशी 1907 च्या आधीपासूनची आहे.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना त्यांच्या आयुष्यातली पुढची वर्षे जवळची वाटावीत. 1901 ते 1905 या काळात शिबली हैदराबादेत निजाम सरकारच्या सेवेत होते. विद्या आणि शास्त्रे यांच्या ग्रंथनिर्मितीचे खाते त्यांच्याकडे होते. ‘अल-गझाली’, ‘इल्मुल कलाम’ आणि ‘अल-कलाम’ हे ग्रंथ त्या मुक्कामातले. देगलूर तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. आमच्या पणजोबांच्या पिढीचे सारे कागद ज्या उर्दू-फारसीत लिहिले जात, तिच्या राजधानीत बसून शिबली लिहीत होते. तेव्हा शिबली म्हणजे कुणी उत्तरेकडचे परके विद्वान, असे आपण समजण्याचे कारण नाही.

हैदराबाद सोडून ते लखनौला नदवतुल उलमाच्या कामात पडले. ‘शेरुल अजम’ हा फारसी काव्याचा इतिहास हाती होता. अशात मे 1907 मध्ये आझमगढच्या घरी अपघात झाला. घरातली बंदूक चुकून उडाली, गोळी पायाला लागली आणि पाय कापावा लागला. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीचे होते. आयुष्यभर किताबखाने धुंडाळत हिंडलेल्या माणसाचा पाय जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुढे ते कृत्रिम पाय लावून प्रवास करत राहिले. ‘शेरुल अजम’चा पहिला भाग 1908 साली बाहेर पडला. एकूण पाच भागांपैकी चार त्यांच्या हयातीत निघाले, पाचवा मृत्यूनंतर आला.

या अपघातानंतर शिबलींनी कामाचा आवाका कमी केला असता तर कुणी बोल लावला नसता. त्यांनी तो वाढवला. 1912 च्या सुमारास पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे विस्तृत चरित्र लिहिण्याची योजना त्यांनी जाहीर केली. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी त्यासाठी दरमहा मदत मंजूर केली. पुस्तके जमली, मदतनीस नेमले गेले, युरोपीय भाषांतल्या ग्रंथांतला मजकूर काढून घेण्याची व्यवस्था झाली. 1913 साली नदव्यातल्या वादांना कंटाळून त्यांनी तिथला राजीनामा दिला. त्यानंतर त्यांचा मुक्काम बऱ्याचदा मुंबईत असे. सीरतेचे काम मुंबईतही चालू होते. उर्दू गद्यातल्या या मोठ्या ग्रंथाची काही पाने आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिली गेली, याची आठवण आपल्यापैकी फारच थोड्यांना असेल.

आता ग्रंथाकडे वळू. ‘सीरतुन्नबी’च्या पहिल्या खंडाला शिबलींनी मोठा मुकद्दमा जोडला आहे. आमच्या मते शिबलींचे इतिहासकार म्हणून सारे सत्त्व या मुकद्दम्यात आहे. ज्याला उरलेला ग्रंथ वाचणे जमणार नाही त्याने निदान मुकद्दमा तरी वाचावा. चरित्र सांगायला सुरुवात करण्याआधी शिबली थांबतात आणि विचारतात, ही हकीकत आपल्यापर्यंत कुणी आणली? ज्याने आणली तो कितपत भरवशाचा? हदीसच्या विद्वानांनी शरियतचे हुकूम ज्यांवर ठरतात त्या रिवायती कसून तपासल्या. सीरत आणि मगाझी, म्हणजे चरित्र आणि लढायांच्या हकीकती, यांना मात्र तेवढी कडक चाळणी लावली गेली नाही. त्यामुळे दुबळ्या रिवायती चरित्रग्रंथांत शिरल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तशाच पुढे चालत आल्या, हे शिबली आडपडदा न ठेवता सांगतात. वाकिदीसारख्या लेखकावर ते विश्वास ठेवत नाहीत. युरोपातले लेखक त्याच वाकिदीच्या आधाराने आक्षेप घेतात, तेव्हा त्यांना उत्तर देण्याआधी शिबली आपल्याच घरातली अडगळ उपसून दाखवतात.

केवळ रावी सच्चा आहे एवढ्यावर शिबली समाधान मानत नाहीत. सांगितलेली गोष्ट अकलेला पटते का, त्या काळाच्या रीतीभातींशी जुळते का, कुरआनाच्या विरोधात जाते का, हेही पाहिले पाहिजे असे ते म्हणतात. रिवायत आणि दिरायत हे दोन शब्द त्यांनी ‘अल-फारूक’च्या प्रास्ताविकातच समजावून दिले होते. साध्या मराठीत सांगायचे तर, कोण बोलले हे पाहा आणि काय बोलले हेही पाहा. त्याच ‘अल-फारूक’चा दुसरा भाग उघडला तर लढायांच्या जागी महसूल, न्याय, पोलीस, लष्कराची व्यवस्था आणि लोकोपयोगी बांधकामे यांची प्रकरणे दिसतात. बादशहांच्या स्वाऱ्या म्हणजे इतिहास, ही समजूत मोडण्याचा तो प्रयत्न होता. आपल्याकडे आजही सीरतेची भाषणे होतात, मिलादच्या जलशांत किस्से सांगितले जातात, टाळ्या आणि सुभानअल्लाहच्या गजरात ते खपतात. तो किस्सा कुठून आला, असे विचारणाऱ्याला मात्र बेअदब ठरवले जाते. शिबलींनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की असा प्रश्न विचारणे हीच खरी अदब आहे.

इथे कुणी म्हणेल की तुम्ही शिबलींचे गुणगानच चालवले आहे. तसे नाही. ज्या चाळणीने त्यांनी वाकिदीला चाळले तीच चाळणी त्यांच्या ग्रंथांनाही लावली पाहिजे. शिबलींचा दुबळेपणा आम्हाला त्यांच्या नायकपूजेत दिसतो. त्यांनी चरित्रांसाठी माणसे निवडली ती ‘नामवर’ म्हणून, आणि निवडतानाच निकाल बऱ्याच अंशी ठरलेला होता. ‘औरंगजेब आलमगीर पर एक नजर’ हे त्यांचे पुस्तक आपण महाराष्ट्रातले मुसलमान वाचतो तेव्हा ही गोष्ट विशेष टोचते. बादशहावरच्या आरोपांना उत्तर देण्यासाठी ते लिहिले गेले आणि त्यात शिबली वकिलाच्या भूमिकेत उभे राहतात. काही आरोपांचा फोलपणा ते चांगला दाखवतात, हे खरे. पण दक्षिणेतल्या घडामोडी ते बादशाही छावणीतून पाहतात. खाफीखानासारख्या फारसी तवारीखकारांची पाने त्यांच्यासमोर होती. मराठी कागद नव्हते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 सालीच प्रसिद्ध झाला होता, म्हणजे ‘अल-फारूक’ लिहून झाली त्याच वर्षी. दोघेही आपापल्या समाजाच्या इतिहासासाठी झिजत होते, दोघेही मूळ साधनांचे वेडे होते, आणि भाषेच्या भिंतीमुळे एकाचे काम दुसऱ्यापर्यंत पोहोचले नाही. शिबलींना मराठी येत असती तर त्यांचे मत बदललेच असते असा आमचा दावा नाही. पण रावीला तपासण्याचा आग्रह धरणाऱ्याने दुसऱ्या बाजूचा रावी ऐकायला हवा होता, एवढे म्हणण्याचा हक्क त्यांच्याच मुकद्दम्याने आम्हाला दिला आहे.

ही भिंत ओलांडणारे लोक पुढे मराठवाड्यातच निघाले, हे इथे सांगितले पाहिजे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबाद राज्याच्या नोकरीत होते. उर्दू-फारसी त्यांना अवगत होती. मोगल दरबारची फारसी साधने त्यांनी मराठीत आणली आणि सूफी संप्रदायावरही मराठीत ग्रंथ लिहिला. त्यांनी भिंतीच्या त्या बाजूने दार उघडले. या बाजूने, म्हणजे मराठी लिहिणाऱ्या मुसलमानांनी, किती दारे उघडली हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. उदगीरची 1760 ची लढाई आमच्या शेजारची. तिथे भाऊसाहेबांच्या बाजूने इब्राहिमखान गारदी लढला, समोर निजामाची फौज होती, आणि दुसऱ्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांसाठी मेला. हा एक माणूस समजून घ्यायचा तर फारसीही हवी, मराठीही हवी, मोडीही हवी. नुसत्या अभिमानाने हे काम होणारे नाही.

आता शिबलींचे शेवटचे वर्ष पाहू. 1914 च्या सुरुवातीला त्यांनी ‘अल-हिलाल’मधून दारुल मुसन्निफीनची, म्हणजे लेखकांच्या घराची कल्पना मांडली. लेखकांना राहता यावे, समोर मोठा कुतुबखाना असावा, त्यांना पोटाची चिंता नसावी आणि नवे लेखक तिथे घडावेत, अशी ती योजना होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचे धाकटे भाऊ इस्हाक वारले. कर्त्या भावाच्या मृत्यूने ते खचले. आझमगढला परतले आणि नोव्हेंबरमध्ये अंथरुणाला खिळले. आपण यातून उठत नाही हे त्यांना कळून चुकले असावे, कारण त्यांनी तारा केल्या. एक कलकत्त्याला मौलाना आझादांना, एक हैदराबादला मौलाना हमीदुद्दीन फराहींना आणि एक पुण्याला सय्यद सुलेमान नदवींना. आझादांना केलेल्या तारेचा मतलब असा होता की तुम्ही आलात तर सीरतेच्या कामाची काही व्यवस्था लागेल, नाही तर सारी मेहनत वाया जाईल. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने दवा आणि हकीम यांच्याऐवजी आपल्या कागदांची व्यवस्था मागितली.

सुलेमान नदवी त्या वेळी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसी शिकवत होते. नोकरी चांगली होती, स्वतःच्या संशोधनालाही वाव होता. तार मिळताच ते निघाले आणि उस्ताद शुद्धीवर असतानाच पोहोचले. शिबलींनी त्यांचा हात हातात घेऊन सीरतेचे नाव घेतले आणि बाकी सारी कामे सोडून ते पुरे करण्यास बजावले. 18 नोव्हेंबर 1914 रोजी शिबलींचे निधन झाले. वय 57 वर्षे. सुलेमानांनी पुण्याची नोकरी सोडली आणि आझमगढला जाऊन बसले. शिबलींच्या बंगल्यात आणि बागेत, त्यांच्याच पुस्तकांच्या साठ्यावर दारुल मुसन्निफीन उभे राहिले. 1916 साली ‘मआरिफ’ हे मासिक सुरू झाले. 1918 साली ‘सीरतुन्नबी’चा पहिला खंड निघाला, 1920 साली दुसरा. हे दोन शिबलींच्या मसुद्यांवरून. पुढचे खंड सुलेमानांनी स्वतः लिहिले. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत पोहोचायला 1938 साल उजाडले. सातवा खंड त्यांच्याही मृत्यूनंतर, त्यांच्या कागदांतून निघाला. म्हणजे उस्तादाचे काम पुरे करता करता शागीर्दाचेही अपुरे राहिले आणि तेही तिसऱ्या कुणी पुढे नेले.

सुलेमानांच्या संपादनातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. शिबलींच्या मजकुरात जिथे भर घालावी लागली, तिथे त्यांनी ती वेगळी ओळखू येईल अशी खूण ठेवली. उस्तादाची अक्षरे कुठे संपतात आणि आपली कुठे सुरू होतात, हे वाचकाला कळावे याची काळजी घेतली. वरवर ही छपाईची बाब दिसते. पण मुकद्दम्यात सांगितलेल्या तत्त्वाचाच हा अंमल आहे. रिवायतीत भेसळ नको असे म्हणणाऱ्या उस्तादाच्या ग्रंथात भेसळ करायची नाही, हे शागीर्दाने पाळले. श्रद्धेपोटी गुरूच्या तोंडी आपली वाक्ये घालणारे शिष्य आपण पुष्कळ पाहतो. त्या मानाने हा सचोटीचा व्यवहार विरळा.

इथे मराठीतले एक उदाहरण आठवते. त्र्यंबक शंकर शेजवलकर याच डेक्कन कॉलेजात पुढे मराठ्यांचा इतिहास शिकवत. ‘पानिपत : 1761’ आणि ‘निजाम-पेशवे संबंध’ लिहिणाऱ्या या करड्या इतिहासकाराने शिवचरित्राचा संकल्प आयुष्यभर बाळगला. 1963 साली ते वारले तेव्हा चरित्र लिहून झालेले नव्हते. प्रस्तावना, आराखडा आणि जमवलेली साधने एवढेच हाती होते. मराठा मंदिराने ते 1964 साली जसेच्या तसे प्रसिद्ध केले आणि पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. शिबलींप्रमाणेच इथेही प्रस्तावनेत इतिहासकार पुरा दिसतो. फरक असा की शेजवलकरांच्या आराखड्याला सुलेमान मिळाला नाही. साधने जतन झाली, पण ज्या चरित्राचा तो आराखडा होता ते त्यांच्या हातचे चरित्र आपल्याला कधीच वाचायला मिळणार नाही.

दूरच्या जगातलेही एक उदाहरण घेऊ. युरोपच्या युद्धोत्तर इतिहासाचे लेखक टोनी जट यांना 2008 साली स्नायू निकामी करणारा असाध्य आजार झाल्याचे कळले. हातपाय गेले, श्वासासाठी यंत्र लागले. रात्रभर न हलता पडून राहताना ते मनात एकेक प्रसंग रचून ठेवत आणि सकाळी दुसऱ्याकडून लिहवून घेत. टिमथी स्नायडर या तरुण इतिहासकाराशी त्यांनी दीर्घ संभाषणे केली. त्यांचे पुस्तक जट यांच्या 2010 मधील मृत्यूनंतर, 2012 साली निघाले. देश वेगळा, दीन वेगळा, विचार तर अगदीच वेगळा. तरी अखेरच्या काळात त्यांनाही समोर दुसरा माणूस बसवावा लागला.

या साऱ्यावरून आम्ही ज्या निष्कर्षावर आलो तो असा. निरोगी इतिहासकार आपले आयुष्य हातात आहे असे समजून सामग्री जमवतो आणि ती आपल्या कपाटात, आपल्याच डोक्यात ठेवतो. आजार त्याला सांगतो की हे कपाट उघडे कर. शिबली पाय असताना मोठे लेखक होते. पाय गेल्यावर आणि मरण दिसू लागल्यावर त्यांनी ग्रंथाइतकाच विचार ग्रंथ पुरा करणाऱ्या माणसांचा केला. त्यांच्या आधीच्या कोणत्याही पुस्तकाइतकीच दारुल मुसन्निफीनची योजना आणि त्या तीन तारा हे आम्ही त्यांचे कर्तृत्व मानतो. आजाराने सीरत अपुरी ठेवली असे म्हणणे अर्धेच खरे आहे. ते काम एका माणसाचे राहू नये, अशी व्यवस्थाही त्याच दिवसांत झाली.

आपल्या मुस्लिम मराठी साहित्याकडे या दृष्टीने पाहावे. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर कविता आली, कथा आली, आत्मकथने आली, वैचारिक लेखन आले. आपला इतिहास आपण लिहिला पाहिजे, असे ठराव आणि भाषणेही झाली. पण लिहिणारा माणूस आजारी पडला तर त्याच्या कागदांचे काय, याचा विचार आपण केलेला नाही. संमेलनात हार घालायला आपण गर्दी करतो, दवाखान्यात भेटायला जाताना फळे नेतो. वह्या कुठे आहेत, असे विचारायला मात्र आपल्याला संकोच वाटतो. ते विचारणे म्हणजे मरणाची वाट पाहणे, असे आपण समजतो. शिबलींनी तर स्वतः तार करून विचारणाऱ्यांना बोलावून घेतले होते.

मराठवाड्यात हे काम आणखी नाजूक आहे. निजामी राजवटीतले रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर ओढवलेला प्रसंग, या दोन्ही आठवणी गावोगाव आहेत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले त्यांत नांदेड आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आठवणी सांगणारे लोक या काळात एकेक करून गेले. मामूंनी अशांपैकी काहींची बोलणी लिहून घेतली होती. एका बाजूच्याच नव्हे, दोन्ही बाजूंच्या माणसांची. ज्याने मारले त्याच्याही भावाला विचारायला गेलो होतो, असे ते सांगत. दिरायत म्हणजे काय हे आम्हाला पुस्तकापेक्षा या एका वाक्यातून अधिक समजले.

मामू गेले तेव्हा त्यांच्या पेटीत अकरा वह्या निघाल्या. सगळ्या उर्दूत, आणि पुढच्या पुढच्या वह्यांतले अक्षर आजाराबरोबर मोडत गेलेले. घरातल्या तरुणांपैकी कुणालाही ती लिपी वाचता येत नव्हती. रद्दीत जाण्याच्या आधी कुणाला तरी दाखवू, असे बोलणेही झाले. त्या वेळी आमच्या ध्यानात आले की तीन वर्षे आमच्याकडून ‘सीरतुन्नबी’ का वाचून घेतली गेली. ज्याला छापील उर्दू वाचता येत नाही त्याला हस्ताक्षर काय वाचता येणार? मामू तार न करता आपला सुलेमान घडवत होते. फरक इतकाच की त्यांना मिळालेला सुलेमान अगदीच कच्चा निघाला.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही त्या वह्या देवनागरीत उतरवतो आहोत. दोन वह्या झाल्या, तिसरी चालू आहे. जिथे शब्द लागत नाही तिथे जागा मोकळी सोडतो आणि जिथे खुलासा म्हणून स्वतःचे काही लिहितो ते चौकटी कंसात टाकतो. मामूंचे काही म्हणणे आम्हाला पटत नाही, काही ठिकाणी सनदेची तारीख आणि त्यांची तारीख जुळत नाही. ते दुरुस्त करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरून खाली वेगळी नोंद करतो. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी ती उघडावी, आणि ज्यांच्या घरी लिहिणारा माणूस आजारी असेल त्यांनी संकोच सोडून त्याच्याजवळ बसावे. त्याला काय लिहायचे राहिले आहे ते विचारावे, आणि ते कुठल्या लिपीत आहे तेही विचारून घ्यावे.